दाढेची सूज किती गंभीर, अ‍ॅडमिट व्हावं लागेल का आणि किती दिवस: अंदाज कसा बांधायचा

सुजेचा आकार बघून गंभीरपणा ठरवू नका, हे सगळ्यात आधी सांगते. मी जबडा-चेहऱ्याच्या सर्जरीत काम करते आणि नातेवाईक असोत नाहीतर तालुक्याच्या गावचे डेंटिस्ट, फोटो येतो तो गालाचा आणि प्रश्न येतो "किती सिरीयस वाटतंय?" गाल टम्म फुगलाय, बघायला भयंकर दिसतंय, पण माणूस नीट बोलतोय, चहा पितोय, तोंड उघडून दाखवतोय, तर बहुतेक वेळा एक चीर, दात काढणं आणि औषधं एवढ्यात काम होतं. आणि दुसऱ्या पेशंटच्या गालावर जवळजवळ काहीच नसतं, फक्त दातखीळ बसल्यासारखं तोंड उघडत नाही, घसा दुखतोय म्हणतो, लाळ गिळायच्या ऐवजी रुमालात पुसत बसतो, हा मात्र रात्रीतून आयसीयूत जाऊ शकतो. फोटोत हा दुसरा पेशंट बरा दिसतो, म्हणून मी फोटोवर कधीच उत्तर देत नाही, फोन लावून पेशंटला स्वतःला बोलायला सांगते.

असं का होतं ते थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. चेहऱ्यात आणि मानेत स्नायूंच्या मधे मधे फटी असतात, आम्ही त्यांना स्पेस म्हणतो. दात किडला, कीड दाताच्या आतल्या नसेला लागली, मुळाच्या टोकाला पू झाला की तो हाड फोडून जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येतो. कुठे येणार हे दाताची मुळं कुठल्या पातळीवर संपतात त्यावर असतं. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला एक स्नायू चिकटलेला असतो, मायलोहायॉइड. पुढच्या दाढांची मुळं सहसा त्याच्या वर संपतात म्हणून त्यांचा पू जिभेखाली येतो, आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची (तिसरी म्हणजे अक्कलदाढ) मुळं त्याच्या खाली जातात म्हणून त्यांचा पू जबड्याखाली मानेच्या बाजूला उतरतो. तिथून घशाच्या बाजूची फट जवळ, तिथून घशामागची, आणि घशामागे एक अशी फट आहे जी सरळ छातीत डायफ्रामपर्यंत, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत जाते, तिचं नावच डेंजर स्पेस. म्हणून खालची शेवटची दाढ दुखतेय म्हटलं की माझे कान टवकारतात आणि वरच्या पुढच्या दातावर गळू आलंय म्हटलं की थोडी निवांत होते (थोडीच, कारण वरच्या दातांचा पू डोळ्याकडे जाऊ शकतो, त्याचं पुढे लिहिलंय).

आता घरी काय बघायचं. पाच मिनिटं लागतात आणि मशीन काही लागत नाही.

पेशंटला त्याचीच तीन बोटं उभी करून पुढच्या वरखालच्या दातांमधे घालायला सांगा. तीन जात असतील तर तोंड साधारण नॉर्मल उघडतंय, मोठ्या माणसाचं ३५ ते ४५ मिलिमीटर किंवा जास्त. दोनच गेली तर लक्ष ठेवायचं, एकच जात असेल, म्हणजे २० मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी, तर इन्फेक्शन चावायच्या स्नायूंच्या आतल्या फटींपर्यंत गेलंय असं धरून चालायचं. स्केल असेल तर मोजून आकडा लिहून ठेवा, कारण उद्या तो आकडा वाढला की घटला हेच महत्त्वाचं. इथे आपल्याकडची एक मोठी अडचण आहे. गुटखा, मावा, खर्रा वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचं तोंड आधीच कमी उघडतं, गालाची आतली कातडी कडक झालेली असते. विदर्भात तर हे इतकं कॉमन आहे की नुसतं "तोंड दोन बोटं उघडतं" यावरून काही कळत नाही, म्हणून विचारायचं की मागच्या आठवड्यात किती उघडायचं, भाकरीचा घास नेहमीसारखा जायचा का. आणि आधीच कमी उघडत असेल तर ती गोष्ट डॉक्टरला आपणहून सांगायची, कारण भूल देताना श्वासाची नळी घालायला अशा पेशंटमधे जास्त त्रास होतो आणि भूलतज्ज्ञाला तयारी करावी लागते.

मग दोन घोट पाणी द्या. गिळताना दुखणं वेगळं आणि गिळताच न येणं वेगळं. पाणी तोंडातून परत बाहेर येतंय, लाळ ओघळतेय, उशी ओली होतेय, तर घरी थांबायचं नाही. आवाज ऐका, पानाचा तोबरा भरून बोलल्यासारखा जाड येतोय का. जीभ बाहेर काढायला सांगा, जिभेखालचा भाग वर उचललेला दिसतोय का, जीभ वर टाळूकडे ढकलली गेलीय का ते टॉर्च मारून बघा. उताणं झोपवून बघा (नीट शुद्धीत असेल तरच, आणि जबरदस्ती नको), झोपल्यावर गुदमरतंय म्हणून उठून पुढे वाकून बसत असेल तर तिथेच टेस्ट संपली, गाडी काढा.

हनुवटीखाली हात फिरवा. मऊ, मधे पाणी भरल्यासारखं लागलं तर पू एका जागी जमलाय. लाकडाच्या फळीसारखं टणक, दोन्ही बाजूंना पसरलेलं, लाल आणि गरम लागलं तर इन्फेक्शन अजून पसरतंय आणि ते जास्त वाईट. लोकांचा समज नेमका उलटा असतो, कडक आहे म्हणजे अजून पिकलं नाही, पिकू दे मग बघू. पायाच्या गळवाला हे चालत असेल पण मानेत चालत नाही. दोन्ही बाजूंची जबड्याखालची, जिभेखालची आणि हनुवटीखालची अशी सगळी जागा एकदम सुजली तर त्याला लुडविग्ज अंजायना म्हणतात, जर्मनीतल्या विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या डॉक्टरांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. अँटिबायोटिक यायच्या आधी निम्म्याहून जास्त पेशंट दगावायचे, आणि बरेचसे पू अंगात भिनून नाही तर श्वासाचा रस्ता बंद होऊन जायचे. आज वाचण्याचं प्रमाण खूप चांगलं आहे पण ते वेळेत श्वासाचा रस्ता सांभाळला जातो म्हणून.

ताप, नाडी, श्वास मोजा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, नाडी मिनिटाला ९० च्या वर, श्वास २० च्या वर, यातलं दोन असेल तर शरीर इन्फेक्शनला मोठ्या प्रमाणात रिअ‍ॅक्ट होतंय. श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि बोलण्यात गोंधळ किंवा गुंगी, यातलं दोन असेल तर सेप्सिसची (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागण्याची) शंका घेऊन मोठ्या हॉस्पिटललाच जायचं. ताप मोजताना शेवटची गोळी कधी घेतली ते शेजारी लिहा, कारण पॅरासिटामोल किंवा पेनकिलर घेऊन दोन तासांनी ताप नाही म्हणण्याला काही अर्थ नाही. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. घशाची वाट अरुंद होत असताना आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि मग एकदम कोसळतो, कोविडमुळे घराघरात ते मशीन आलं आणि लोकांचा त्यावर नको तेवढा भरवसा बसलाय.

वरच्या दातांची गोष्ट राहिली. डोळ्याखाली सूज येणं कॉमन आहे, सकाळी उठल्यावर पापणी फुगलेली असते. पण डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं, डोळा फिरवता न येणं, दोन-दोन दिसणं, नजर कमी होणं, जोरदार डोकेदुखी आणि उलट्या, यातलं काहीही असलं तर ते डेंटल क्लिनिकचं काम राहिलं नाही. चेहऱ्याच्या त्या भागातल्या शिरांमधून इन्फेक्शन मागे मेंदूजवळच्या शिरेपर्यंत जाऊ शकतं. आणि पेशंट डायबिटीसचा असेल, वरचे दात एकदम हलायला लागले असतील, टाळूवर काळपट डाग असेल, गाल बधिर असेल तर म्युकरमायकोसिसचा (काळ्या बुरशीचा) विचार करायचाच, २०२१ मध्ये महाराष्ट्राने हे इतकं बघितलंय की जास्त सांगायची गरज नाही. त्याचं ऑपरेशन वेगळं, औषध वेगळं आणि मुक्काम आठवड्यांचा, दाढेच्या पुवाचा हिशोब तिथे लावू नका.

आता क्लिनिकमधल्या आणि कॅज्युअल्टीतल्या ज्युनियर मित्रांसाठी. वरचं सगळं तपासून झालं की माझ्या मते सगळ्यात कामाचं साधन म्हणजे अमेरिकेतले जबडा-चेहऱ्याचे सर्जन थॉमस फ्लिन यांचा सिव्हिअरिटी स्कोअर. सोपं आहे, कुठल्या कुठल्या स्पेसमधे इन्फेक्शन आहे ते बघायचं, प्रत्येकीला मार्क द्यायचे आणि बेरीज करायची. हिरडीला लागून, हाडाच्या पडद्याखाली, गालात, डोळ्याखाली असेल तर १. जबड्याखाली, हनुवटीखाली, जिभेखाली, चावायच्या स्नायूंच्या आत किंवा बाहेर, कानशिलात असेल तर २, कारण इथून श्वासाच्या रस्त्याला धोका सुरू होतो किंवा तोंड उघडत नसल्याने नळी घालणं अवघड होतं. घशाच्या बाजूला, घशाच्या मागे, श्वासनळीच्या पुढे असेल तर ३. डेंजर स्पेस, मीडियास्टिनम (छातीतली दोन फुप्फुसांमधली जागा) किंवा मेंदू असेल तर ४.

समजा एक तिशीतली बाई आहे, खालची पहिली दाढ किडलेली, फक्त गालात सूज, तोंड तीन बोटं, ताप नाही. स्कोअर १. दात काढून पू काढला की त्याच दिवशी घरी. आणि समजा एक पन्नाशीतले काका आहेत, डावी अक्कलदाढ, जबड्याखाली कडक सूज म्हणजे २, तोंड एक बोट उघडतं आणि सीटीत जबड्याच्या आतल्या बाजूला टेरिगोमँडिब्युलर स्पेसमधे पू म्हणजे अजून २, घशाची डावी भिंत आत ढकललेली म्हणजे ३. बेरीज ७. बाहेरून बघितलं तर काकांचा चेहरा बाईंपेक्षा बरा दिसेल, पण काकांच्या घरच्यांना मी आठवडाभराची तयारी ठेवा म्हणून सांगेन, आणि डायबिटीस असेल तर त्याहून जास्त.

फ्लिन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अ‍ॅडमिट झालेल्या ३७ पेशंटचा अभ्यास छापला होता, त्यात सरासरी मुक्काम ५ दिवसांच्या आसपास होता आणि मागेपुढे ३ दिवसांचा फरक. सगळ्यात जास्त वेळा दोषी दात खालची अक्कलदाढ, आणि ७० टक्क्यांहून जास्त लोकांना येतानाच तोंड उघडायला आणि गिळायला त्रास होता. आकडा छोटा आहे, ३७ च पेशंट, पण आमच्याकडे जे दिसतं त्याच्याशी जुळतं. त्यात अजून एक गोष्ट होती जी मला जास्त महत्त्वाची वाटते, पेनिसिलिन साधारण पाचातल्या एका पेशंटमधे फेल गेलं होतं, म्हणजे पहिलं अँटिबायोटिक चालेलच असं गृहीत धरून घरी पाठवायचं नाही.

ब्लड टेस्टमधे सीआरपी (इन्फेक्शन किंवा सूज असली की रक्तात वाढणारं एक प्रोटीन) मागवा. पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर जातात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या स्टिरॉइडनेही वाढतात आणि खूप म्हाताऱ्या किंवा कमजोर पेशंटमधे वाढतही नाहीत. सीआरपी जास्त बोलकी आहे. नॉर्मल ५ ते १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली, १०० च्या वर असेल तर इन्फेक्शन खोल आहे आणि मुक्काम लांबणार असं धरा, २०० च्या वर असेल तर सीटी न करता निर्णय घेऊ नका. एक सावधगिरी, काही लॅब प्रति डेसिलिटरमधे रिपोर्ट देतात, तेव्हा १५ लिहिलेलं असतं आणि खरं १५० असतं, म्हणून आकड्याच्या शेजारचं युनिट वाचा. सोबत शुगर, एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट, सीटीत शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध द्यायचं असतं म्हणून), आणि डायबिटीस असेल तर कीटोन (साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळतं तेव्हा वाढणारी आम्लं).

सीटी कधी करायचा यावर वाद घालण्यात वेळ जातो. माझं सरळ मत आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, सूज जबड्याच्या खालच्या कडेच्या खाली गेलीय किंवा खालची कड हाताला लागतच नाही, तर कॉन्ट्रास्ट सीटी, आणि नुसता चेहरा नाही तर मान पूर्ण, गळ्याखाली लाली असेल किंवा छातीत दुखत असेल तर छातीसकट. फक्त एकच अट, पेशंट सीटीच्या टेबलावर उताणा झोपू शकला पाहिजे. झोपू शकत नसेल तर आधी श्वासाचा रस्ता सुरक्षित करायचा, मग सीटी. श्वास लागलेल्या माणसाला रिपोर्टच्या हट्टापायी आडवं करणं हा या आजारातला सगळ्यात धोकादायक क्षण असतो. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे, दात कुठला ते सांगतो, पू कुठे गेलाय ते सांगत नाही, त्यामुळे ओपीजी नॉर्मल आहे म्हणून घरी, असं नको. वरवरच्या सुजेत पू आहे का बघायला सोनोग्राफी चांगली आणि स्वस्त, पण खोलवर ती पोचत नाही.

आता नातेवाईकांचा खरा प्रश्न, किती दिवस? एकच वरवरची स्पेस आणि जागेवर भूल देऊन काम झालं तर त्याच दिवशी घरी किंवा एक रात्र. जबड्याखालची एक-दोन स्पेस, ऑपरेशन थिएटरमधे बाहेरून चीर आणि ड्रेन (पू बाहेर यायला ठेवलेली नळी) टाकला तर ३ ते ५ दिवस. तीन किंवा जास्त स्पेस, घशाच्या बाजूची धरून, तर आठवडाभर आणि त्यातले पहिले एक-दोन दिवस आयसीयूत, कारण ऑपरेशननंतर सूज लगेच उतरत नाही, उलट पहिल्या दिवशी थोडी वाढते, म्हणून नळी तशीच ठेवतात किंवा गळ्याला छेद देऊन सरळ श्वासनळीत नळी घालावी लागते, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी. छातीत उतरलं तर दोन-तीन आठवडे किंवा त्याहून जास्त, परत ऑपरेशन, आणि तिथे जिवाचा धोका खरा आहे. हे दिवस मी माझ्या अंदाजाने सांगतेय, शिक्का मारून नाही.

या अंदाजात दिवस वाढवणाऱ्या गोष्टींमधे पहिला नंबर डायबिटीसचा. साखर कंट्रोलमधे नसलेल्या माणसाचं इन्फेक्शन जास्त स्पेसमधे जातं, दुखतं कमी (म्हणून उशिरा येतो), आणि जखम भरायला वेळ लागतो. अनेकांना आपल्याला डायबिटीस आहे हेच दाढेच्या निमित्ताने अ‍ॅडमिट झाल्यावर पहिल्यांदा कळतं. इथे एक गोष्ट तळमळीने सांगते, "साखर ३५० आहे, आधी साखर खाली येऊ द्या मग ऑपरेशन" असं ऐकलं तर विचारा की पुवामुळेच साखर वाढतेय ना? पू आत आहे तोवर साखर पूर्ण ताब्यात येत नाही, इन्सुलिनचा ड्रिप आणि पू काढणं बरोबरच व्हायला हवं, आणि फिजिशियन, भूलतज्ज्ञ, सर्जन तिघं एकत्र बसले तर होतं. शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असल्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा, कारण जेवण बंद आणि इन्फेक्शन चालू अशा वेळी या गोळ्यांवर साखर फार वाढलेली न दिसताही कीटोन वाढून माणूस बिघडू शकतो.

नंतर वय, किडनीचा आजार, केमो किंवा स्टिरॉइड चालू असणं, दारू, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली इंजेक्शनं, गरोदरपण. गरोदर बाईला "आता दाताला हात लावायचा नाही, बाळंत झाल्यावर बघू" म्हणून घरी बसवतात, आणि दाताच्या पुवाने ती आणि बाळ दोघं धोक्यात येतात. दात काढणं गरोदरपणात करता येतं, पोट झाकून एक्सरेही काढता येतो. लहान मुलांचं उलट, ते झपाट्याने बिघडतात पण पू निघाला की झपाट्याने सुधारतातही, त्यांच्यात पाणी कमी होणं हा मोठा प्रश्न, सहा-आठ तासांत लघवी नाही झाली तर वाट बघू नका.

आणि उशीर. डायबिटीस आपल्या हातात लगेच नसतो पण उशीर असतो. उशीर कशात होतो ते मी कायम ऐकते, मेडिकलवाल्याने दिलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या, मग दुसऱ्या तीन दिवसांच्या गोळ्या, मग हळद-चुन्याचा लेप, गरम पाण्याच्या पिशवीने बाहेरून शेक, दाढेत तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवणं. बाहेरून कडक शेक दिल्याने पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जातो आणि चेहऱ्यावर भोक पडू शकतं. पेनकिलर आणि स्टिरॉइड एकत्र असलेल्या पुड्या मिळतात त्यांनी दोन दिवस एकदम बरं वाटतं, सूज उतरल्यासारखी दिसते आणि आत इन्फेक्शन वाढत राहतं, हे मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं. पण या सगळ्याहून मोठा उशीर करणारं वाक्य डॉक्टरांकडूनही येतं, "सूज असताना दात काढत नाहीत, आधी सूज उतरू दे." सूज यायला जो दात जबाबदार आहे तोच आत ठेवून सूज कशी उतरणार. पू झालेला असेल तर अँटिबायोटिक त्या पुवाच्या आत नीट पोचतही नाही. दात काढणं किंवा मूळ उघडून पू सोडणं आणि चीर देणं जितकं लवकर तितका मुक्काम कमी, हे मी वर सांगितलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त खात्रीने सांगते. वरचा दात काढला की नजर जाते ही भीती अजून आहे गावाकडे, ती खरी नाही, नजरेला धोका असलाच तर तो पू तसाच ठेवण्याने.

अ‍ॅडमिट झाल्यावर अंदाज रोज बदलायचा असतो, पहिल्या दिवशी सांगितला म्हणजे पक्का नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवशी सीआरपी वाढलेली येईल, घाबरू नका, ऑपरेशनमुळेही ती वाढते. दुसऱ्या दिवसापासून बघा. शरीरात सीआरपीचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण १९ तास लागतात, त्यामुळे मूळ कारण खरंच गेलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा ठसठशीत उतरलेला दिसतो, १८० चं ९० किंवा त्याहून कमी. ४८ तासांनीही जागेवरच असेल, ताप परत येत असेल, तोंड कालच्यापेक्षा एक मिलिमीटरही जास्त उघडत नसेल, तर अँटिबायोटिक बदलत बसण्याआधी स्वतःला विचारा की दोषी दात निघालाय का, कुठली स्पेस सुटली का, ड्रेन बंद पडलाय का, कल्चरचा (पुवात कोणते जंतू आहेत त्याचा) रिपोर्ट आला का, आणि सीटी परत करा. नातेवाईकांनीही हे प्रश्न राउंडला विचारायला काही हरकत नाही, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

मी रोज संध्याकाळी पेशंटच्या फाइलवर चार गोष्टी लिहायला लावते, तोंड किती मिलिमीटर, ताप किती, ड्रेनमधून किती आणि कसं येतंय, आणि काय खाल्लं. चौथी गोष्ट विनोदी वाटेल पण ज्या दिवशी पेशंट वरणभात मागतो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो घरी जातो हे मी बरेचदा बघितलंय. डिस्चार्जसाठी २४ तास ताप नसावा, गोळ्या तोंडाने घेता याव्यात, ड्रेन निघालेला किंवा जवळजवळ कोरडा, साखर आवाक्यात, सीआरपी उतरतेय, आणि घरी ड्रेसिंगची सोय. सीआरपी नॉर्मल व्हायची वाट बघत पेशंटला कॉटवर ठेवायची गरज नसते, उतरत असणं पुरे.

कुठे जायचं हेही मुक्काम ठरवतं. तोंड उघडत नाही आणि गिळता येत नाही अशा पेशंटला रात्री भूलतज्ज्ञ, आयसीयू, सीटी आणि मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याचे) किंवा ईएनटी सर्जन एका छताखाली लागतात, दोन हॉस्पिटल फिरण्यात सहा तास गेले की स्कोअर वाढलेला असतो. निघायच्या आधी फोन करून विचारा, बेड आहे का, आत्ता भूलतज्ज्ञ आहेत का. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात आहे, नायर हॉस्पिटलचं स्वतःचं डेंटल कॉलेज आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला डेंटल कॉलेज आणि मेडिकल कॉलेज जवळजवळ आहेत. श्वासाचा त्रास असेल तर दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत नंबर लावू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, डेंटलवाले तिथे येतात. १०८ ला फोन करताना "दाढ दुखतेय" म्हणू नका, "मानेला सूज आहे, गिळता येत नाही, श्वास लागतोय" असं खरं लक्षण सांगा.

गाडीत पेशंटला बसवूनच न्या. झोपेची गोळी देऊ नका. ऑपरेशन होण्याची शक्यता आहे तर निघाल्यापासून खायला देऊ नका आणि शेवटचं कधी खाल्लं ती वेळ लिहा. रेफर करणाऱ्या डेंटिस्टने चिठ्ठीत "फेशियल स्वेलिंग, कृपया पुढील उपचार" एवढंच लिहून भागत नाही. सूज कोणत्या तारखेला सुरू झाली, कुठला दात, कोणतं अँटिबायोटिक कधीपासून, तोंड किती मिलिमीटर, आवाज बदललाय का, साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, अ‍ॅलर्जी. या सात-आठ ओळींमुळे समोरचा माणूस भूलतज्ज्ञाला पेशंट पोचायच्या आधी बोलावून ठेवू शकतो.

पैशाचं थोडक्यात. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, कोणती कागदं लागतात, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. मेडिक्लेम असेल तर बऱ्याच पॉलिसीत साधी डेंटल ट्रीटमेंट वगळलेली असते, त्यामुळे डिस्चार्ज कार्डवर नुसतं "दात काढला" न येता पूर्ण निदान, कुठल्या स्पेसमधे इन्फेक्शन होतं, किती दिवस शिरेतून औषधं आणि कोणतं ऑपरेशन हे सगळं डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या, ते खरंही असतं आणि तुमचा हक्कही आहे.

घरी आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत तोंड उघडायचा व्यायाम सोडू नका. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमधे घालायच्या, रोज जमेल तशी एखादी वाढवायची, दिवसातून चार-पाच वेळा, थोडं दुखेल. तोंड परत कमी उघडायला लागलं किंवा जखमेतून वास येणारं पाणी आलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आणि बाकीचे किडलेले दात त्याच महिन्यात दाखवून घ्या, दुसऱ्या बाजूची अक्कलदाढ तर आधी.